चालत्या घड्याळासमोर वाचक : हेरकथेचा एक संगणकीय खेळ

संगणकाच्या पडद्यावर काही ओळींचा मजकूर उमटतो. पूर्व युरोपातील एका देशातून एक आगगाडी सीमेकडे धावत आहे. डब्यात एक अमेरिकन व्यापारी बसला आहे. तोच या कथेचा नायक. परंतु तो स्वतःहून काहीच करीत नाही, कारण काय करायचे हे त्याला अद्याप कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्याचे काम पडद्यासमोर बसलेल्या वाचकाचे आहे. वाचकाने कळफलकावर इंग्रजीत एक छोटी आज्ञा टंकावयाची, यंत्राने तिचा अर्थ लावावयाचा आणि कथा एक पाऊल पुढे न्यावयाची, असा हा व्यवहार आहे. येथे चित्र नाही, संगीत नाही. जे काही आहे ते शब्दांत आहे. मात्र या खेळाचे एक वेगळेपण थोड्याच वेळात ध्यानात येते. वाचक विचार करीत नुसता बसून राहिला, तरी गाडी थांबत नाही. कथेतील घड्याळ पुढे सरकत राहते आणि सीमेवरील पहारेकरी आपल्या वेळेला येऊन ठेपतात.

अमेरिकेतील इन्फोकॉम या कंपनीने 1987 साली प्रसिद्ध केलेल्या 'बॉर्डर झोन' या खेळाचा हा आरंभ आहे. त्याचे लेखक मार्क ब्लँक. शाब्दिक साहसखेळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात त्या वेळेपर्यंत शेकडो खेळ निघाले होते आणि त्या सर्वांत वाचकाला एक सवलत जवळजवळ गृहीत धरलेली होती. वाचक आज्ञा देईपर्यंत खेळातील जग त्याची वाट पाहत स्तब्ध उभे राही. 'बॉर्डर झोन'ने ही सवलत काढून घेतली. ती का काढून घेतली आणि त्यामुळे वाचकाच्या वाट्याला काय आले, हे समजून घेण्यासाठी प्रथम या खेळांची जडणघडण पाहिली पाहिजे.

शब्दांनी बांधलेली गुहा

या खेळांचा उगम हेरांच्या जगात नव्हे, तर जमिनीखालच्या गुहांत सापडतो. विल क्राउदर हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या संस्थेत संगणकतज्ज्ञ म्हणून काम करीत असत. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या 'आर्पानेट' या जाळ्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. गुहांचा शोध घेणे हा त्यांचा छंद होता आणि केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासमूहाशी त्यांचा चांगला परिचय होता. घटस्फोटानंतर आपल्या लहान मुलींना गंमत वाटावी म्हणून त्यांनी 1975–76च्या सुमारास एक आज्ञावली लिहिली. तीत गुहेचे वर्णन पडद्यावर उमटे आणि खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांत आज्ञा देऊन पुढे जावयाचे असे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स यांनी 1977 साली मूळ लेखकाच्या संमतीने तिचा विस्तार केला. 'ॲडव्हेंचर' या नावाने हा खेळ एका विद्यापीठाच्या संगणकावरून दुसऱ्या विद्यापीठाच्या संगणकावर असा पसरत गेला.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एम.आय.टी. या संस्थेतील टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग या चौघांनी त्याहून मोठा असा 'झोर्क' हा खेळ रचण्यास सुरुवात केली. पुढे 1979 साली संस्थेतील काही मंडळींनी एकत्र येऊन इन्फोकॉम कंपनी स्थापन केली. 'बॉर्डर झोन'चे लेखक ब्लँक हे अशा रीतीने या प्रकाराच्या अगदी आरंभापासूनचे कारागीर होत. त्यांचे शिक्षण मात्र वैद्यकशास्त्राचे होते.

यंत्राला वाक्य कसे कळते

यंत्राला भाषा समजते असे म्हणणे हा केवळ सोयीचा वाक्प्रयोग आहे. खेळाच्या आज्ञावलीत एक छोटा शब्दकोश असतो. वाचकाने टंकलेले वाक्य प्रथम सुट्या शब्दांत तोडले जाते आणि प्रत्येक शब्द या कोशात शोधला जातो. जागा वाचविण्यासाठी कोशात शब्दाची केवळ पहिली सहा अक्षरे, आणि इन्फोकॉमच्या नंतरच्या मोठ्या खेळांत नऊ अक्षरे, साठविलेली असत. त्यानंतर क्रियापद कोणते, कर्म कोणते, त्यांचा संबंध दाखविणारे अव्यय कोणते, हे ठरवून ती रचना आधी तयार असलेल्या साच्यांशी ताडून पाहिली जाते. साचा जुळला की संबंधित कृती घडते. न जुळल्यास आज्ञा कळली नाही असे उत्तर येते. वाक्याची फोड करणाऱ्या या भागाला पार्सर असे म्हणतात.

इंग्रजीत आज्ञार्थी वाक्याचा आरंभ क्रियापदाने होतो आणि पार्सरचे बरेचसे काम त्यामुळे सोपे होते. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नामाला प्रत्यय जडतात. 'पेटीतला दिवा उचल' या आज्ञेतील पहिल्या शब्दात पेटी आणि 'तिच्या आत असलेला' हा संबंध अशा दोन गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत. एम.आय.टी.च्या मंडळींनी रचलेले यंत्र अशा भाषेसाठी मुळापासून नव्याने घडवावे लागले असते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की, या खेळांतील 'समज' ही एका विशिष्ट भाषेच्या वाक्यरचनेवर बेतलेली युक्ती होती.

शब्दांच्या मागे वस्तूंचे एक जग असते. खेळातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणत्या तरी वस्तूच्या आत आहे, अशी नोंद ठेवलेली असते. दिवा पेटीत आहे, पेटी खोलीत आहे, खेळाडूही खोलीतच आहे. खेळाडूने दिवा उचलला म्हणजे दिव्याच्या नोंदीतील 'पेटी' हा धनी बदलून तेथे 'खेळाडू' येतो. एवढ्या साध्या नोंदींच्या बदलातून घरे, जंगले आणि आगगाड्या उभ्या राहतात.

थोड्या जागेत मोठी कथा

विद्यापीठातील मोठ्या संगणकांवर रचलेला 'झोर्क' घरगुती संगणकांवर उतरविणे ही मोठीच अडचण होती. हे संगणक अनेक कंपन्यांचे, एकमेकांशी न जुळणारे आणि स्मृतीच्या बाबतीत अत्यंत तोकडे होते. 1979 साली जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी यावर एक उपाय शोधला. त्यांनी प्रत्यक्षात कोठेही अस्तित्वात नसलेला एक संगणक कल्पनेने रचला आणि त्याला 'झेड-मशीन' असे नाव दिले. सर्व खेळ या काल्पनिक संगणकासाठी लिहावयाचे आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्याचे सोंग वठविणारी एक छोटी आज्ञावली तेवढी तयार करावयाची, अशी ही योजना होती. नवा संगणक बाजारात आला तर सर्व खेळ पुन्हा लिहिण्याची गरज नव्हती. एक दुभाषी नेमला की काम भागत असे.

मजकूर साठविण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. साधारणतः एका अक्षराला एक बाइट, म्हणजे आठ बिट, इतकी जागा लागते. झेड-मशीनमध्ये एका अक्षराला पाच बिट देऊन दोन बाइटांत तीन अक्षरे बसविली जात आणि वारंवार येणाऱ्या शब्दांना संक्षेप दिलेले असत. आरंभीच्या या खेळांची कमाल मर्यादा 128 किलोबाइट होती. तेवढ्यात कथा, शब्दकोश आणि वस्तूंचे संपूर्ण जग मावत असे. लागेल तेवढाच भाग फ्लॉपीवरून स्मृतीत आणण्याची सोयही त्यात होती.

हेरकथेची मागणी

हेरकथा या प्रकाराकडे लवकरच ओढली गेली. फ्लॉरिडातील स्कॉट ॲडम्स यांनी 1978 साली केवळ 16 किलोबाइट स्मृतीच्या टी.आर.एस.-80 या घरगुती संगणकासाठी 'ॲडव्हेंचरलँड' हा खेळ लिहिला. त्यांच्या मालिकेतील तिसरा खेळ 'मिशन इम्पॉसिबल' हा 1979 साली आला. त्याच नावाची दूरदर्शन मालिका अमेरिकेत आधीच गाजलेली होती. खेळाचे नाव पुढे 'सीक्रेट मिशन' असे बदलण्यात आले. एका स्वयंचलित अणुभट्टीत घातपाती माणसाने बाँब ठेवला आहे आणि तो फुटण्यापूर्वी शोधून निकामी करावयाचा आहे, असा त्याचा विषय होता. ध्वनिफितीवर ऐकू येणारा आदेश हा कथेचा आरंभ. आज्ञा केवळ दोन शब्दांच्या, वर्णने एखाद्या तारेसारखी त्रोटक. तरीही बाँबच्या जाणिवेने खेळणाऱ्याच्या मनावर ताण येई.

हा ताण मात्र एका अर्थी फसवा होता. बाँबचे घड्याळ मिनिटे मोजीत नव्हते. ते आज्ञा मोजीत होते. खेळणारा एक आज्ञा देऊन जेवावयास उठला, तरी परत येईपर्यंत अणुभट्टी सुरक्षितच राही. मार्क ब्लँक यांच्याच 1982 सालच्या 'डेडलाइन' या गुन्हेशोधाच्या खेळातही हाच नियम होता. तपासासाठी बारा तासांची मुदत, संशयित माणसे आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे घरात हिंडणारी. परंतु एक आज्ञा म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशेब कायम.

आता हेराच्या कामाचा विचार करू. गुहेत शिरलेल्या साहसी पुरुषाजवळ तलवार आणि दिवा असतो. हेराची संपत्ती दोनच गोष्टींची असते : माहिती आणि वेळ. कोणाला काय ठाऊक आहे आणि ते त्याला केव्हा कळले, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. शब्दांचा खेळ माहितीचा भाग उत्तम सांभाळत होता, कारण प्रश्न विचारणे, कागद वाचणे, सांकेतिक वाक्य ओळखणे ही सर्व शब्दांचीच कामे आहेत. वेळेच्या बाबतीत मात्र तो उदार होता. हेराला जी गोष्ट कधीच मिळत नाही, म्हणजे निवांतपणा, ती या खेळात भरपूर मिळत होती.

एक सीमा, तीन माणसे

'बॉर्डर झोन'ची कथा फ्रॉब्निया नावाच्या काल्पनिक देशात आणि त्याच्या शेजारच्या लिट्झेनबर्ग या तटस्थ देशाच्या सीमेवर घडते. फ्रॉब्निया हा पोलादी पडद्यामागचा देश. त्याच्या नावातील 'फ्रॉब' हा ध्वनी 'झोर्क'च्या जुन्या वाचकांना त्यातील विनोदी नावांची आठवण करून देतो. कथेच्या मध्यभागी एका अमेरिकन मुत्सद्द्याच्या हत्येचा कट आहे.

ही कथा तीन प्रकरणांत विभागलेली असून प्रत्येक प्रकरणात वाचकाची भूमिका बदलते. पहिल्यात तो आगगाडीतील व्यापारी असतो. एक जखमी अमेरिकन हेर त्याच्या डब्यात शिरतो आणि महत्त्वाचा कागद त्याच्या स्वाधीन करून निघून जातो. हेरगिरीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला आता तो कागद तपासणीतून वाचवून सीमेपार न्यावयाचा असतो. दुसऱ्या प्रकरणात वाचक त्या जखमी हेराच्याच जागी येतो. गाडी निघून गेली आहे, अंगावर जखम आहे आणि पहाऱ्याची सीमा पायी ओलांडावयाची आहे. तिसऱ्यात तो पूर्वेच्या गोटात वावरणाऱ्या हेराच्या भूमिकेत शिरतो आणि कटाचा शेवटचा अंक त्याच्या नजरेने पाहतो. ही प्रकरणे कोणत्याही क्रमाने खेळता येतात.

पहिल्या प्रकरणात डब्याच्या दारातून क्षणभर दिसलेला माणूस दुसऱ्या प्रकरणात 'आपण' होतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो एक संकट होता. आता त्याची जखम ही आपली जखम असते. कादंबरीतही निवेदक बदलता येतो. परंतु तेथे वाचक केवळ पाहतो. येथे त्याला त्या माणसाच्या वतीने निर्णय घ्यावे लागतात आणि ते चुकल्यास मरावेही लागते. शीतयुद्धाच्या काळातील लोकप्रिय हेरकथा बहुधा एकाच बाजूने सांगितल्या जात. सीमेच्या दोन्ही अंगांना माणसेच उभी आहेत, ही साधी गोष्ट या रचनेमुळे उपदेश न करता वाचकाच्या अनुभवाला येते.

चालते घड्याळ

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ब्लँक यांनी या खेळात वेळ आज्ञांपासून तोडला. नेहमीच्या खेळात यंत्र वाचकाच्या कळा दाबण्याची वाट पाहत निष्क्रिय बसते. येथे वाट पाहत असतानाच ते ठरावीक अंतराने एक छोटी आज्ञावली चालविते. ती घड्याळ पुढे सरकविते, पहारेकऱ्यांना हलविते आणि काही घडले असल्यास त्याची ओळ पडद्यावर उमटविते. वाचक आज्ञा टंकण्याच्या मध्यावर असेल, तर त्याचे अर्धवट वाक्य नव्या मजकुराखाली पुन्हा मांडून दाखवावे लागते. कारागिरीच्या दृष्टीने हे काम नाजूक होते आणि ते चोख साधले गेले.

पण त्याची किंमत वाचनाला द्यावी लागली. शाब्दिक खेळाचा आनंद मुळात वाचण्याचा आहे. खोलीचे वर्णन पुन्हा वाचावे, एखादा शब्द खटकावा, त्यावरून एखादी युक्ती सुचावी, हे सर्व निवांतपणी घडते. घड्याळ चालू झाले की वाचक वर्णनावरून घाईने नजर फिरवितो, त्यातील कामाची नामे तेवढी टिपतो आणि क्रियापद टंकू लागतो. टंकण्याचा वेगही आता कथेचा भाग होतो. हात सावकाश चालणाऱ्या माणसाचा हेर, त्याच्या बुद्धीचा काही दोष नसताना, पकडला जातो.

याचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. असा खेळ पहिल्या प्रयत्नात कोणी जिंकत नाही. वाचक पकडला जातो, पुन्हा आरंभापासून सुरुवात करतो आणि या वेळी पहारेकरी केव्हा येणार हे त्याला ठाऊक असते. पाचव्या-सहाव्या फेरीत तो प्रत्येक क्षणाचे वेळापत्रक मनात बाळगून हालचाल करतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो अत्यंत निष्णात हेर वाटेल; प्रत्यक्षात तो अनेकदा मेलेल्या हेरांच्या आठवणींवर जगत असतो. गोष्टीतील व्यापाऱ्याला जे कळणे शक्य नाही, ते त्याच्या वतीने आज्ञा देणाऱ्याला कळलेले असते. वेळेची सवलत काढून घेतल्यावर माहितीची सवलत आपोआपच वाढली. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने परत द्यावे लागले.

म्हणून हा प्रयोग फसला, असे म्हणावे काय? तसा निर्णय देणे घाईचे होईल. दुसऱ्या प्रकरणात सीमेजवळ दबून बसलेल्या हेराला काही क्षण काहीही न करता केवळ वाट पाहावी लागते. इतर खेळांत 'थांब' ही एक आज्ञा असते आणि ती देताच वेळ निघून जातो. येथे वाचकाला खरोखरच थांबावे लागते. कळफलकावर हात ठेवून, काहीही न टंकता, पुढची ओळ उमटण्याची वाट पाहणे हा अनुभव पडद्यावरील जखमी माणसाच्या अनुभवाच्या बराच जवळ जातो. घाईचे चित्रण शब्दांना जमले नाही. प्रतीक्षेचे मात्र जमले. हेराच्या आयुष्यात प्रतीक्षेचाच भाग मोठा असतो, हे लक्षात घेतले तर हा लाभ लहान नाही.

अदृश्य शाई

इन्फोकॉमच्या खेळांबरोबर पेटीत काही खऱ्या वस्तू देण्याची प्रथा होती. 'डेडलाइन'च्या वेळी खेळात न मावलेला तपशील छापील कागदपत्रांच्या रूपाने दिला गेला आणि तेथून ती रूढ झाली. 'बॉर्डर झोन'च्या पेटीत फ्रॉब्नियाची सहल करणाऱ्यांसाठी लिहिलेली एक विनोदी मार्गदर्शक पुस्तिका आणि तेथील भाषेतील काही वाक्ये, सीमाभागाचा नकाशा, एक व्हिजिटिंग कार्ड आणि काड्यांचे पाकीट होते. या वस्तूंतील माहिती खेळताना उपयोगी पडे. त्यामुळे केवळ फ्लॉपीची नक्कल मिळविणाऱ्याची अडचण होई. हेरकथेला ही प्रथा विशेष शोभली, कारण खिशात सापडलेल्या क्षुल्लक चिटोऱ्यावरून धागा लावणे हेच तर हेराचे काम.

अडलेल्या खेळाडूंसाठी कंपनी वेगळ्या पुस्तिका विकत असे. त्यांत प्रश्न उघड छापलेले आणि उत्तरे अदृश्य शाईत असत. सोबतची खास लेखणी फिरविली की एकेक सूचना उमटे. पहिली मोघम, पुढची अधिक स्पष्ट. 'बॉर्डर झोन'मध्ये याच पद्धतीच्या सूचना खेळाच्या आतच घातलेल्या होत्या. वेळेच्या दडपणाखाली वारंवार मरणाऱ्या वाचकाला अशा आधाराची गरज अधिक होती.

सीमा आणि खेळ

'बॉर्डर झोन' निघाला तेव्हा इन्फोकॉम स्वतंत्र राहिली नव्हती. 1985 साली आणलेल्या 'कॉर्नरस्टोन' या कार्यालयीन आज्ञावलीच्या अपयशाने कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि 1986 साली ॲक्टिव्हिजनने ती विकत घेतली. ग्राहकांची ओढ आता चित्रांकडे वळली होती. 1989 साली इन्फोकॉमचे केंब्रिज येथील कार्यालय बंद झाले.

ज्या जगावर हा खेळ बेतलेला होता तेही फार काळ टिकले नाही. खेळ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, 8 डिसेंबर 1987 रोजी, रेगन आणि गोर्बाचेव यांनी वॉशिंग्टन येथे मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीच्या करारावर सह्या केल्या. 9 नोव्हेंबर 1989 रोजी बर्लिनची भिंत खुली झाली. फ्रॉब्नियासारख्या देशांच्या कुंपणांवरील पहारे एकामागून एक उठले.

खेळ मात्र शिल्लक राहिला आणि याचे श्रेय झेड-मशीनच्या कल्पनेला द्यावे लागते. ज्या खऱ्या संगणकांसाठी हे खेळ विकले गेले, ते केव्हाच अडगळीत गेले. परंतु काल्पनिक संगणकाचे सोंग कोणत्याही नव्या यंत्राला वठविता येते. हौशी अभ्यासकांनी झेड-मशीनची रचना उलगडली आणि 1993 साली ग्रॅहम नेल्सन यांनी तिच्यासाठी नव्या कथा लिहिता येतील अशी 'इन्फॉर्म' ही प्रणाली तयार केली. 2019 साली जेसन स्कॉट यांनी इन्फोकॉमच्या खेळांचा मूळ आज्ञालेख सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. त्यामुळे ब्लँक यांनी घड्याळ नेमके कसे चालविले, हे आज कोणाही जिज्ञासूला ओळीओळीने वाचता येते.

तो लेख वाचताना कसलीही घाई नसते, वाटेल तेथे थांबता येते आणि मागे वळता येते. जो निवांतपणा या खेळाने आपल्या वाचकाला नाकारला होता, तो त्याच्या अभ्यासकाला मिळतो. शब्दांच्या खेळाला वेळेच्या बंधनात बांधून पाहिल्यावरच वाचनाला वेळेचे किती बळ लागते हे कळले, हा या प्रयोगाचा धडा अशा सावकाश वाचनातच नीट उमगतो.